नोंदवहीबाहेरचा श्वास : स्नेहलता रेड्डी

हा धागा नेहमीपेक्षा बराच लांबला आहे. सवडीने वाचावा.

२८ एप्रिल १९७६ आणि २ मे १९७६. या दोन तारखांमध्ये अवघ्या चार दिवसांचे अंतर आहे. पहिल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ‘ए.डी.एम. जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या खटल्याचा निकाल दिला. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या नागरिकाला ‘माझी अटक बेकायदा आहे’ असे म्हणत न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असे पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी ठरवले. एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २ मे रोजी, पोलिसांनी स्नेहलता रेड्डी नावाच्या अभिनेत्रीला अटक केली.

पहिली तारीख आपल्यापैकी अनेकांना पाठ असते. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ती असते, आणि बहुमताच्या बाजूने असलेल्या यशवंत चंद्रचूडांचा तो निर्णय २०१७ मध्ये त्यांच्याच चिरंजीवांचा समावेश असलेल्या घटनापीठाने रद्दबातल ठरवला, ही गोष्ट तर चवीने सांगितली जाते. दुसरी तारीख मात्र मला एम.ए.चे पहिले वर्ष संपेपर्यंत ठाऊक नव्हती. आणीबाणीतील मराठी तुरुंगलेखन हा माझ्या प्रबंधिकेचा विषय. त्या वाटेने जाताना मधू दंडवते यांच्या आठवणींत एका तेलुगू-कन्नड जगातल्या अभिनेत्रीचा उल्लेख भेटला, आणि तो उल्लेख काही केल्या मनातून हलेना. त्याविषयी पुढे लिहितेच.

‘हेबियस कॉर्पस’ या लॅटिन संज्ञेचा सरळ अर्थ ‘देह हजर करा’ असा होतो. राज्यसंस्थेने ज्या माणसाला ताब्यात घेतले आहे त्याचा देह न्यायाधीशासमोर आणा, मग त्याला ठेवायचे की सोडायचे ते पाहू, इतकी साधी ती मागणी आहे. स्नेहलताबाईंची कथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत देहाचीच कथा आहे. पडद्यावरही, आणि पडद्याबाहेरही.

त्यांचा जन्म १९३२ चा. घराणे धर्मांतरित ख्रिस्ती, दुसऱ्या पिढीचे. इंग्रजी राजवटीविषयीच्या रागातून त्यांनी तरुणपणीच भारतीय नाव पुन्हा धारण केले, भारतीय पोशाखच वापरायचा असे ठरवले, आणि भरतनाट्यम शिकल्या. तेलुगूतील आधुनिक कवी पट्टाभिराम रेड्डी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नवरा-बायको दोघेही राममनोहर लोहियांच्या विचारांचे. लोहियांचे नाव आले की आपल्याकडे ‘बिगर-काँग्रेसवाद’ एवढेच आठवते; पण दक्षिणेतल्या त्या पिढीतील लेखक-कलावंतांना लोहियांचे आकर्षण होते ते जात आणि स्त्री यांविषयीच्या त्यांच्या रोखठोक मांडणीचे. भारतीय स्त्रीचे प्रतीक सावित्री नव्हे, द्रौपदी, असे म्हणणारा तो नेता. स्नेहलताबाईंनी पुढे ‘सीता’ नावाचे नाटक लिहिले, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर ध्यानात ठेवावी.

१९६० च्या दशकातील मद्रास हे इंग्रजी हौशी रंगभूमीचे एक गजबजलेले केंद्र होते. ‘मद्रास प्लेयर्स’ ही नाट्यसंस्था उभारणाऱ्यांत स्नेहलताबाई होत्या. इब्सेनचे ‘पीअर गिंट’, लोर्काचे ‘द हाउस ऑफ बर्नार्डा आल्बा’, टेनेसी विल्यम्सचे ‘नाइट ऑफ द इग्वाना’ असली नाटके ही मंडळी करीत. स्नेहलताबाई अभिनय करीत, तसे दिग्दर्शनही करीत. याच वर्तुळात ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मद्रास कचेरीत नोकरी करणारा एक तरुण नाटककार होता : गिरीश कार्नाड. (माथेरानला जन्मलेला, आणि पुढे जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मध्ये स्मिता पाटीलच्या नवऱ्याच्या भूमिकेत आपल्याला भेटलेला.) इंग्रजी नाटके करणाऱ्या या सुखवस्तू मंडळींतून कन्नड चित्रपटाला वळण लावणारी कलाकृती निर्माण होईल, असे त्या वेळी कुणी म्हटले असते तर हसू आले असते. पण तसे घडले.

यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ ही कादंबरी १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावरचा चित्रपट १९७० चा. दिग्दर्शक पट्टाभिराम रेड्डी, पटकथा आणि प्रमुख भूमिका कार्नाडांची, छायाचित्रण टॉम कोवन या ऑस्ट्रेलियन तरुणाचे, संगीत राजीव तारानाथ यांचे. चंद्रीच्या भूमिकेत स्नेहलता रेड्डी.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते, कारण पुढचे सारे तिच्यावाचून समजणार नाही. पश्चिम घाटातले एक अग्रहार, म्हणजे ब्राह्मणांची बंदिस्त वस्ती. तिथला नारणप्पा नावाचा ब्राह्मण साऱ्या आचारांना लाथाडून जगलेला : मांस खाल्ले, मद्य प्यायला, चंद्री नावाच्या खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या स्त्रीबरोबर उघडपणे राहिला. तो प्लेगने मरतो. आता त्याचे अंत्यसंस्कार कुणी करायचे? त्याला जातीबाहेर टाकलेले नव्हते, म्हणून ब्राह्मणांनीच करायला हवेत. पण केले तर विटाळ. प्रेत पडून आहे, आणि प्रेत उचलल्याखेरीज कुणाला जेवता येत नाही. चंद्री आपल्या अंगावरचे सोने उतरवून प्राणेशाचार्यांपुढे ठेवते : यातून विधी करा. ते सोने पाहताच कालपर्यंत विटाळाला भिणाऱ्यांचे डोळे लकाकतात. आचार्य ग्रंथ चाळतात, मारुतीच्या देवळात जाऊन कौल मागतात. उत्तर मिळत नाही. प्रेत कुजते, उंदीर मरून पडू लागतात, आकाशात गिधाडे घिरट्या घालतात.

अखेर रात्री चंद्री एका मुसलमान ओळखीच्याच्या मदतीने प्रेत गुपचूप जाळून टाकते. शास्त्रार्थ नाही, मंत्र नाही. आणि अग्रहाराला याचा पत्ताही नसतो. दहन होऊन गेलेल्या देहाच्या दहनाचा वाद ते पुढेही घालत राहतात.

मी हा चित्रपट तीनदा पाहिला. पहिल्या खेपेला माझे सारे लक्ष कार्नाडांवर होते. चित्रपट आचार्यांच्या आत्मसंघर्षाचा आहे अशी समजूत करून घेऊनच आपण तो पाहायला बसतो. दुसऱ्या खेपेला जाणवले की चंद्रीला संवाद फार थोडे आहेत, आणि तरीही गोष्टीतल्या साऱ्या निर्णायक कृती तिच्या आहेत. सोने उतरवणे तिचे. प्रेत हलवणे तिचे. बोलतात ते पुरुष, करते ती चंद्री. स्नेहलताबाईंनी ही भूमिका ज्या शांतपणे केली आहे तो शांतपणा सोशिकपणाचा नाही. ती बसलेली असते तेव्हाही काहीतरी ठरवत असल्यासारखी वाटते. इंग्रजी रंगभूमीवर मोठमोठी स्वगते म्हणणाऱ्या नटीने इतके कमी बोलून हे साधावे, याचे मला फार अप्रूप वाटते. चित्रपटाच्या इतिहासांत मात्र बहुतेकदा ‘दिग्दर्शकाची पत्नी’ एवढ्यावर त्यांची बोळवण होते.

मद्रासच्या सेन्सॉर मंडळाने चित्रपटावर बंदी घातली. जातीय भावना भडकतील, हे कारण. अखेर केंद्राच्या माहिती व नभोवाणी मंत्रालयाने तो मोकळा केला, आणि ज्या चित्रपटाला प्रदर्शनाचीच परवानगी नव्हती त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. कन्नड चित्रपटाला मिळालेला हा तसला पहिला सन्मान. एकच राज्यसंस्था, डाव्या हाताने बंदी आणि उजव्या हाताने पदक. या विनोदावर थांबण्याचा मोह होतो. पण सहाच वर्षांनी तीच राज्यसंस्था पुन्हा या घराच्या दारात उभी राहिली, आणि त्या वेळी तिच्या उजव्या हातात काही नव्हते.

आता १९७५. २५ जूनच्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. जॉर्ज फर्नांडिस भूमिगत झाले. मुंबईकरांना जॉर्ज वेगळे सांगायला नकोत : महापालिका कामगारांचे, टॅक्सीवाल्यांचे नेते, १९६७ मध्ये स. का. पाटलांना दक्षिण मुंबईत पाडणारे, १९७४ चा रेल्वे संप घडवणारे. भूमिगत काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुंगाची स्फोटके मिळवून सरकारी यंत्रणेला हादरा देण्याचा बेत आखला, असा सरकारचा आरोप होता. हाच तो बडोदा डायनामाइट खटला. जॉर्ज हाती लागेनात, तेव्हा त्यांच्या भोवतीची माणसे पकडण्याचे सत्र सुरू झाले. १ मे १९७६ रोजी जॉर्जचे बंधू लॉरेन्स यांना बंगळूरमध्ये उचलले गेले आणि त्यांचा अमानुष छळ झाला. दुसऱ्या दिवशी स्नेहलताबाईंना अटक झाली. जॉर्ज स्वतः १० जूनला कलकत्त्यात सापडले.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. स्नेहलताबाई ‘चुकून सापडलेल्या निष्पाप कलावंत’ नव्हत्या. रेड्डी दांपत्य जॉर्जचे निकटचे मित्र होते, आणीबाणीच्या विरोधात उभे होते, भूमिगत चळवळीशी त्यांचा संबंध होता. कुटुंबाने हे कधी लपवलेले नाही. त्यांना केवळ बळी म्हणून रंगवले की त्यांची राजकीय निवड पुसली जाते, आणि मला ते अन्यायाचे वाटते. त्या विरोधक होत्या. विरोधक असणे हा गुन्हा नाही, हे सांगण्यासाठी त्यांना भोळे ठरवण्याची काही आवश्यकता नाही.

पण त्यांच्याविरुद्ध पुरावा काय होता? खटल्याचे आरोपपत्र तयार झाले, त्यात जॉर्जसह २५ जणांची नावे होती. स्नेहलता रेड्डी हे नाव त्यात नव्हते. ज्या कटासाठी पकडले त्या कटात सरकारच्याच लेखी त्या नव्हत्या. तरीही त्या तुरुंगातच राहिल्या, कारण मिसा होता. ‘मिसा’ म्हणजे अंतर्गत सुरक्षेचा १९७१ चा कायदा, ज्याखाली आरोप सिद्ध करण्याची, किंबहुना आरोप सांगण्याचीही तसदी सरकारला घ्यावी लागत नव्हती. शहा आयोगाच्या आकडेवारीनुसार आणीबाणीत ३४,९८८ माणसे मिसाखाली स्थानबद्ध होती. आणि २८ एप्रिलच्या निकालानंतर त्यांपैकी कुणालाही ‘देह हजर करा’ असे म्हणता येत नव्हते. धाग्याच्या आरंभी चार दिवसांचे अंतर सांगितले, ते यासाठी.

बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात त्या वेळी देशातले बडे नेते होते. संसदीय समितीच्या बैठकीसाठी बंगळूरला आलेले अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आपले राजापूरचे खासदार मधू दंडवते यांना आणीबाणीच्या पहिल्याच सकाळी तिथे पकडले होते. या मंडळींच्या तुरुंगकथा वाचल्या तर त्यांत पुस्तके आहेत, चर्चा आहेत, खेळ आहेत, एकत्र जेवणे आहेत. दुःख नव्हते असे नाही. पण सोबत होती. येरवड्यात प्रमिला दंडवते होत्या, त्यांच्याही भोवती निरनिराळ्या पक्षांच्या कार्यकर्त्या स्त्रिया होत्या. स्नेहलताबाईंच्या वाट्याला आलेली कोठडी मात्र एकटीची होती. तुरुंगातील इतर स्त्रिया होत्या त्या साध्या कैदी : गरीब, अशिक्षित, ज्यांच्यासाठी कुणी सत्याग्रह करत नव्हते.

त्यांनी तिथे रोजनिशी लिहिली. १९७७ मध्ये कर्नाटकातील मानवी हक्क समितीने ती पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. तिच्यातून दिसते ते असे : स्त्री कैद्यांना होणाऱ्या मारहाणीविरुद्ध त्या भांडल्या, निकृष्ट अन्नाविरुद्ध भांडल्या. ज्या तुरुंगात स्वतःला औषध मिळण्याची मारामार, तिथे दुसऱ्यांच्या ताटातल्या अन्नासाठी हुज्जत घालणारी ही बाई मला चंद्रीची सख्खी बहीण वाटते. कार्यकर्ती या शब्दाचा अर्थ सभेत बोलणारी असा आपण घेतो. कोठडीत तिला सभा कुठून मिळणार? तिथे उरतात शेजारची कैदी स्त्री, तिच्या पाठीवरचे वळ आणि तुरुंगाधिकारी. आंदोलन तेवढ्यातच करायचे.

स्नेहलताबाईंना जुनाट दमा होता.

दंडवत्यांच्या आठवणींतला तो उल्लेख आता सांगते. रात्रीच्या शांततेत, पलीकडच्या कोठडीतून येणाऱ्या स्नेहलतांच्या किंकाळ्या आपल्याला ऐकू येत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. एवढेच. भिंतीच्या अलीकडे एक कोकणी-मराठी समाजवादी जागा आहे, पलीकडे एका तेलुगू-कन्नड अभिनेत्रीचा श्वास कोंडतो आहे. दोघेही एकाच विचारकुळातले. आणि तो काहीही करू शकत नाही.

मी स्वतः लहानपणापासून दम्याची रुग्ण आहे, म्हणून या उल्लेखापाशी मला इतर वाचकांपेक्षा जरा जास्त वेळ लागला असावा. दमा रात्री वाढतो. ओल, धूळ, धूर, थंड फरशी हे सारे त्याला पोषक. आडवे होता येत नाही; भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, पहाट होण्याची वाट पाहत बसायचे. झटका ऐन भरात असतो तेव्हा ओरडता येत नाही, कारण ओरडायला हवा लागते. ती हाक झटक्याच्या आधीची असते किंवा तो किंचित सैल झाल्यानंतरची. हे मला पुस्तकातून कळलेले नाही. वसतिगृहात मी अशा रात्री काढल्या आहेत, उशाशी पंप आणि दाराबाहेर जाग्या असणाऱ्या मैत्रिणींसह. दंडवत्यांनी जे ऐकले ते ज्या क्षणांत ऐकू येत नव्हते, त्या मधल्या शांततेचा विचार माझ्या मनात वारंवार येतो. साधनांची चिकित्सा करताना ‘साधन काय सांगते’ इतकेच ‘साधन कुठे गप्प होते’ हेही पाहा, असे आम्हाला शिकवतात. ही चिकित्सा मात्र मला वर्गात शिकवलेल्या चिकित्सेसारखी कोरडेपणाने करता आली नाही.

नियमित उपचारांविना आठ महिने गेले. प्रकृती पूर्ण ढासळली, तेव्हा १५ जानेवारी १९७७ रोजी त्यांना पॅरोलवर सोडण्यात आले. १८ जानेवारीला इंदिरा गांधींनी लोकसभेच्या निवडणुका जाहीर केल्या. तुरुंगांची दारे उघडू लागली. २० जानेवारीला स्नेहलता रेड्डी यांचे निधन झाले. वय पंचेचाळिशीच्या आसपास.

आता या तारखांकडे इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या नजरेने पाहा. मृत्यू तुरुंगात झाला नाही. पाच दिवस आधी सुटका झाली होती. तांत्रिकदृष्ट्या हा कोठडीतील मृत्यू नव्हे. आरोपपत्रात नाव नाही, त्यामुळे बडोदा खटल्याच्या कागदांत त्या आरोपी म्हणून नाहीत. खटलाच नाही, म्हणून निर्दोष सुटल्याची नोंदही नाही. एखादे राज्य माणसाला कसे पुसून टाकते याचे हे फार शिकण्यासारखे उदाहरण आहे. कुणी दप्तर जाळले नाही, कुणी खोटी नोंद केली नाही. नियमाप्रमाणे भरलेल्या प्रत्येक नोंदवहीतून ही बाई नियमाप्रमाणेच निसटून गेली. मरणासन्न कैद्याला पॅरोल देणे ही वरकरणी दया असते. पण तिचा एक परिणाम असा की, मृत्यूची नोंद तुरुंगाच्या खात्यावर पडत नाही. आजच्या बातम्या वाचतानाही कैद्यांच्या ‘वैद्यकीय कारणास्तव सुटके’ची तारीख आणि मृत्यूची तारीख यांतले अंतर मोजण्याची मला सवय लागली आहे.

दोन महिन्यांनी जनता पक्षाचे सरकार आले. खटला मागे घेतला गेला. तुरुंगातूनच मुझफ्फरपूरची निवडणूक जिंकलेले जॉर्ज मंत्री झाले. दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोम बसवणारे ते हेच दंडवते. ज्यांची नावे आरोपपत्रात होती ते इतिहासात आले. हे मी कडवटपणे लिहीत नाही. त्यांनीही भोगले होते. पण आरोपी असण्यालासुद्धा एक दस्तऐवजी प्रतिष्ठा असते, आणि ती स्नेहलताबाईंना लाभली नाही, हे खरे.

प्रबंधिकेचा आराखडा दाखवला तेव्हा मला सांगण्यात आले की, विषय मराठी तुरुंगलेखन हा असल्याने या बाईंना तळटीपेत जागा द्यावी. पद्धतीच्या दृष्टीने सूचना योग्य होती. त्या मराठी नाहीत, त्यांची रोजनिशी इंग्रजीत. मी तळटीप लिहायला घेतली आणि ती दीड पान झाली. मग विचार केला : १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला सांगतात, पुढे तुरुंगात जातात; मृणाल गोरे, प्रमिला दंडवते आत जातात; या साऱ्यांचा इतिहास आपण ‘महाराष्ट्राची आणीबाणी’ म्हणून वेगळा बांधतो. तुरुंगाच्या भिंतीतून आवाज मात्र भाषा विचारून जात नाही. दंडवत्यांनी ऐकलेला तो आवाज हा मराठी तुरुंगलेखनाचाच भाग आहे, असे मी आता प्रकरणात मांडले आहे. मान्य होईल की नाही ते परीक्षक ठरवतील.

आणखी एक. दरवर्षी २५ जून आला की स्नेहलताबाईंचे एक छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरते. एका पक्षाला झोडपण्यासाठी दुसऱ्या पक्षाचे पाठीराखे ते वापरतात. पहिल्या पक्षाचे पाठीराखे मग आजच्या तुरुंगांची यादी काढतात. दोन्ही बाजूंच्या संदेशांत ‘संस्कार’चे नाव क्वचितच असते. जातिव्यवस्थेवर एवढा थेट प्रहार करणाऱ्या, सेन्सॉरने अडवलेल्या चित्रपटाची ही नायिका आहे, लोहियावादी आहे, हे कळले तर छायाचित्र फिरवणाऱ्यांपैकी काही जण ते बहुधा फिरवणार नाहीत. अर्थात, तुम्ही फिरवावे. फक्त सोबत चंद्रीचेही एखादे दृश्य जोडावे.

मागच्या वर्षी बंगळूरला गेले होते. शेषाद्री रस्त्यावरचे ते जुने कारागृह आता ‘फ्रीडम पार्क’ झाले आहे. २००८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. मधोमध टेहळणीचा मनोरा तसाच ठेवला आहे. त्या पाहणाऱ्या डोळ्याभोवती आता लोक सकाळी चालायला येतात, आणि बाजूला मंडपात निदर्शने चालू असतात. मी गेले त्या दिवशी अंगणवाडी सेविका बसल्या होत्या, मानधनवाढीच्या मागणीसाठी. शहराने निदर्शनांसाठी नेमून दिलेली जागा जुन्या तुरुंगातच असावी, यावर काय बोलावे मला सुचले नाही. नवे कारागृह शहराबाहेर गेले आहे. त्या जागेचे नाव परप्पन अग्रहार.

‘संस्कार’ शोधल्यास आंतरजालावर सापडतो. प्रत फारशी चांगली नाही, पण पाहता येते. पहिल्या खेपेलाच चंद्रीकडे लक्ष ठेवा. पुढचा धागा येरवड्याहून बंगळूरला आणि बंगळूरहून येरवड्याला गेलेल्या दंडवते पती-पत्नींच्या पत्रांवर लिहिणार आहे.